अज्ञातवासाची जाहिरात

लेखांक सहावा

2009 सालच्या डिसेंबर महिन्यात, ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट 25 तारखेस पडद्यावर यावयाचा असताना, त्याचा नायक आमिर खान मुंबईतून नाहीसा झाला, वेष पालटून देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडू लागला, आणि तो कोठे आहे हे संकेतांवरून ओळखून काढावे असे आवाहन सर्व लोकांस करण्यात आले, ही हकीकत रायपूरच्या वाचकांस अद्याप स्मरत असेल. वाराणसीत तो आपल्या आईच्या माहेरच्या घराचा ठाव विचारीत गल्लीबोळांतून फिरला. कोलकात्यात सौरव गांगुलीच्या दाराशी एक सामान्य चाहता म्हणून उभा राहिला, आणि पहारेकऱ्याने त्यास आत घेतले नाही. चंदेरीस मात्र करीना कपूरला बरोबर घेऊन तो उघडपणे विणकरांच्या मागांपाशी जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावाचे नाव व तेथील साडी वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचली. ज्या चंदेरीचे नाव आमच्या आजीच्या पिढीने केवळ ठेवणीतल्या लुगड्यांवरून जाणले होते, ते गाव 2000 सालापर्यंत आपल्याच राज्यात होते, ही गोष्ट जाता जाता नमूद करून ठेवतो.

या प्रकारास त्या वेळी ‘अल्टरनेट रिॲलिटी गेम’ असे भारदस्त नाव देण्यात आले होते. मागील पाच लेखांकांत आपण जाहिरातीच्या ज्या तऱ्हा पाहिल्या, त्या सर्वांत जाहिरात आपण जाहिरात आहोत हे निदान शेवटी कबूल करते. या तऱ्हेचा मूळ शिरस्ताच असा की, ती कबुली शक्य तितकी लांबवावयाची. एक कथा रचावयाची, तिचे तुकडे करावयाचे, आणि ते तुकडे पुस्तकात वा पडद्यावर न ठेवता दूरध्वनीच्या क्रमांकांत, भित्तिपत्रकांत, पत्रांत आणि खऱ्या रस्त्यांवरील खऱ्या वस्तूंत पेरून ठेवावयाचे. नियमांची पुस्तिका नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि खेळाडूने विचारलेच तर हा खेळ नव्हे असे उत्तर तयार.

या विद्येचा पाया 2001 साली अमेरिकेत घातला गेला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ए. आय.’ या चित्रपटाच्या जाहिरातीत, दिग्दर्शक, छायालेखक इत्यादी मंडळींच्या नामावलीत, ‘जनीन साला’ नामक एका बाईंचे नाव छापलेले होते, आणि त्यांचा हुद्दा होता ‘सचेतन यंत्रांची मानसोपचारतज्ज्ञ’. हजारांतील नऊशे नव्याण्णव प्रेक्षक अशा नामावलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु ज्या एखाद्या चौकस माणसाने ते नाव इंटरनेटवर शोधले, तो थेट 2142 सालात जाऊन पडला, जेथे इव्हान चॅन नावाचा एक मनुष्य नौकेवर मरण पावला होता आणि तो अपघात होता की खून, याचा निकाल लागावयाचा होता. चित्रपटाच्या एका जाहिरातपटातील अक्षरांच्या कडांना बारीक खाचा पाडलेल्या होत्या. त्या मोजल्या म्हणजे दूरध्वनीचा एक क्रमांक हाती येई. मायक्रोसॉफ्टमधील जॉर्डन वाइसमन आणि एलन ली यांनी योजलेल्या व शॉन स्टुअर्ट यांनी लिहिलेल्या या खेळाची कोडी कित्येक महिने पुरतील असा रचनाकारांचा अंदाज होता. तथापि हजारो खेळाडू एकत्र येऊन विचार करू लागल्यावर ती इतक्या झपाट्याने सुटली की, पुढील मजकूर रात्रीचा दिवस करून लिहिण्याची पाळी रचनाकारांवर आली. एकट्या बुद्धिमान माणसास न सुटणारे कोडे जमावास सुटते, हा शोध तेथे लागला.

पुढे 2007 च्या डिसेंबरात, ‘द डार्क नाइट’ या चित्रपटासाठी, या तंत्राने जी करामत केली ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. काही अमेरिकन शहरांतील बेकऱ्यांचे पत्ते खेळाडूंस मिळाले. तेथे जाऊन एक ठरलेले खोटे नाव सांगितले की, दुकानदार आतून एक केक आणून देई. केकवर साखरेच्या नक्षीने एक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असे. खेळाडूने दुकानाबाहेर येऊन तो क्रमांक फिरविला, तर घंटी केकच्याच पोटातून वाजू लागे. आत, पोलीस ज्यात पुरावा बंद करतात तशा पिशवीत, एक भ्रमणध्वनी गुंडाळून ठेवलेला. खलनायकाने आपणास जातीने सामील करून घेतले, अशी त्या माणसाची भावना झाली असल्यास नवल नाही, आणि तो पुढे तिकीट काढून चित्रपटगृहात गेला नसेल असे मानणे तर अशक्यच आहे.

आता आपल्याकडील खेळाचा कुळशोध केला तर तो या केकपाशी जाऊन पोहोचत नाही. तो त्याहून जुन्या, वृत्तपत्री युक्तीपाशी पोहोचतो. 1927 साली लंडनच्या ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ने, उन्हाळ्यात सुटीवर गेलेले वाचक अंक विकत घेईनासे होतात हे पाहून, ‘लॉबी लड’ नावाचा एक कल्पित इसम समुद्रकाठच्या गावांतून हिंडविण्याची तजवीज केली. त्याच्या वर्णनाचा तपशील पत्रात छापला जाई. हातात त्या दिवसाचा अंक घेऊन जो वाचक त्यास ठरलेल्या शब्दांत हटकील, त्यास पन्नास पौंडांचे बक्षीस. आमिर खानचा दौरा म्हणजे हाच लॉबी लड, दूरचित्रवाणीच्या काळात अवतरलेला.

मात्र त्यात एक मर्म असे होते की, त्याची दाद दिल्यावाचून राहवत नाही. चित्रपटाचे कथानकच मुळी नाहीशा झालेल्या एका मित्राच्या शोधाचे, आणि तो मित्र महाविद्यालयात राहिला तोही दुसऱ्याच्या नावाने. तेव्हा नायकाने लपावे, नाव व रूप बदलावे आणि देशाने त्यास हुडकावे, ही जाहिरात वरून चिकटविलेली नसून कथेच्या गाभ्यातूनच उगवलेली होती. दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे नागपूरचे. आणि नागपूर म्हणजे रायपुरातील आमच्या तात्यापाऱ्यातल्या कितीतरी घरांचे आजोळ, त्यामुळे या चातुर्याचा किंचित अभिमान आम्हांसही वाटला, हे लपवीत नाही.

असे असूनही, या खेळात एक मोठी उणीव राहिली, आणि प्रस्तुत लेखांक तिच्यासाठीच लिहिला आहे. अमेरिकेत केक घेणाऱ्यास आणि देणाऱ्यास, दोघांसही आपण खेळात आहोत हे ठाऊक होते. वाराणसीत आमिर खानला हिंडविणाऱ्या रिक्षावाल्यास आणि कोलकात्याच्या पहारेकऱ्यास ते ठाऊक नव्हते. किंबहुना त्यांचे अज्ञान हेच या खेळाचे भांडवल होते. कोडी सोडविणारा समाज येथे फारसा निर्माण झालाच नाही. आपण सर्व बातमी वाचणारे प्रेक्षक राहिलो, आणि ज्यांनी प्रत्यक्ष भूमिका केल्या त्यांस त्या केल्यानंतर कळल्या. त्या रिक्षावाल्याच्या मुलाच्या लग्नास आमिर खान पुढे आठवणीने वाराणसीस गेला, हे त्याच्या सौजन्याचे द्योतक खरे. परंतु सौजन्य हे नटाचे होते, खेळाच्या नियमांत ते कोठेही नव्हते.

वेष पालटून दारी येणारा मनुष्य आपणास काही नवा नाही. बहुरूपी फौजदाराचा पोशाख चढवून अंगणात येई, तुमच्यावर वॉरंट आहे असे खडसावून सांगे, घरधनी क्षणभर गांगरून जाई, आणि लगेच सोंग उकलून तो पसाभर धान्य वा चार पैसे मागे. फसवणूक घटकाभराची, आणि मोबदला मागितला जाई तो फसलेल्यासमक्ष, उघडपणे; हा दस्तुर नव्या जाहिरातीने घेतला नाही.

या दस्तुराला किती महत्त्व आहे हे संशयाच्या दिवसांत कळते. 2007 च्या 31 जानेवारीस बॉस्टन शहरात एका व्यंगचित्रमालिकेच्या जाहिरातीसाठी पुलांखाली लावलेल्या दिव्यांच्या पाट्या बॉम्ब समजल्या गेल्या, रहदारी बंद पडली, आणि संबंधित कंपनीस वीस लाख डॉलर भरून देणे भाग पडले. तेथे निदान पैशांवर निभावले. 2018 च्या 1 जुलैस धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने ज्या पाच जणांचा जीव घेतला, ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणे हाच त्यांचा जन्मक्रम. ती घटना जाहिरातीमुळे घडली नाही, हे स्पष्ट आहे. पण जयस्तंभ चौकातील पानठेल्यावर उद्या एखादा अनोळखी इसम तात्यापाऱ्याची वाट विचारू लागला आणि नाव सांगताना अडखळला, तर तो प्रच्छन्न नट असेल अशी कल्पना कोणाच्या मनात येईल? नटाच्या पाठीमागे त्याची माणसे आणि त्याचे प्रसिद्ध नाव उभे असते. भटक्याच्या पाठीमागे कोणीही नसते.

पुण्यात 2020 च्या फेब्रुवारीत ‘सविता भाभी, तू इथंच थांब!!’ असे निनावी फलक झळकले, त्याची हकीकत मात्र निरुपद्रवी आहे. पिंपळे सौदागर भागात 2018 साली एका तरुणाने क्षमायाचनेचे सुमारे तीनशे फलक लावले होते. ती आठवण ताजी असल्यामुळे लोकांनी याही फलकांत कोणाचे तरी प्रेमप्रकरण शोधले, आणि अखेरीस आलोक राजवाडे दिग्दर्शित ‘अश्लील उद्योग मित्र मंडळ’ या चित्रपटाची ती जाहिरात ठरली. भिंतीवरच्या ओळीने कोणाच्या दारात जाऊन कोणास फसविले नाही. वाचणाऱ्याने आपल्या खुशीने तर्क लढविले. आमच्या मते या जातीच्या जाहिरातीचा अधिक सभ्य नमुना मराठीत हाच, नावे कितीही असभ्य असोत. चित्रपट 6 मार्चला लागला आणि थोड्याच दिवसांत महामारीमुळे चित्रपटगृहे बंद झाली.

पुढील लेखांकात, जिला आळा घालण्यासाठी 1955 साली केंद्र सरकारला बक्षिसाची मर्यादा महिन्यास एक हजार रुपये ठरविणारा कायदा करावा लागला, त्या बक्षिसी शब्दकोड्यांच्या साथीचा विचार करावयाचा आहे. रायपूर, बिलासपूर किंवा दुर्ग येथील ज्या वाचकांच्या घरी त्या कोड्यांची छापील प्रवेशपत्रे वा निकालाची कात्रणे जुन्या पेट्यांतून शिल्लक असतील, त्यांनी ती पाहावयास द्यावीत. पाहून जशीच्या तशी परत केली जातील.