सहा आकडे आणि एक हस्ताक्षर

एक प्रयोग करा, आत्ता, वाचता वाचताच. डावा पंजा उजव्या कोपराच्या चार बोटं खाली ठेवा आणि उजव्या हाताने हवेत 'देवणी' हे लातूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव लिहा. डावखुरे असाल तर उलट करा. कातडीखाली काहीतरी सळसळलं ना? लिहितात बोटं, आणि ती हलवणारे मोठे स्नायू मात्र इथे, कोपराजवळ! त्यांच्या कंडरा मनगटातून जातात, बोटांच्या हाडांना धरतात, आणि इकडून ओढ बसली की तिकडे 'द'ची गाठ वळते. मनगट आणि पंजा मिळून २७ हाडं. ती सगळी एकमेकांना सांभाळून घेतात तेव्हा कुठे 'ण'चा दांडा सरळ उतरतो.

आता खडू घेऊन हेच नाव भिंतभर लिहा. या खेपेला बोटं जवळपास गप्प, सगळं काम खांद्याचं. तरी अक्षर तुमचंच! वेलांटीचा तोच झोक, मात्रेचा तोच कल. अंगणातल्या मातीत पायाच्या अंगठ्याने लिहून बघा. वेडंवाकडं येईल, पण वळण ओळखू येईल. मग हस्ताक्षर राहतं कुठे? बोटांत नाही, खांद्यात नाही, अंगठ्यात तर नाहीच. ते राहतं मेंदूत, आणि मेंदू ज्या अवयवाला हुकूम सोडेल तो अवयव ते आपल्या परीने काढून देतो.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात ऑड्री व्हान डेर मेअर आणि रूड व्हान डेर वेल या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदकांची जाळी चढवली. तेच शब्द एकदा डिजिटल पेनाने हाताने लिहायला लावले, एकदा कीबोर्डवर एका बोटाने टाइप करायला. जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत देवाणघेवाणीचं दाट जाळं उभं राहत होतं, टाइप करताना तसं काही दिसत नव्हतं. विचार करा, फोनवर 'अ' काढा की 'क्ष', बोटाची हालचाल एकच, टेकवायचं. हाताने लिहिताना मात्र प्रत्येक अक्षराची चाल निराळी, आणि डोळा, हात, स्पर्श या सगळ्यांना त्या चालीवर लक्ष ठेवावं लागतं.

आणि पेन? पाच-दहा रुपयांचा, शर्टाच्या खिशात अडकवलेला. त्याच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची किंवा त्याहून लहान गोळी असते, बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडची. ही गोळी आतल्या दाट शाईत अर्धी बुडालेली, बाहेरून कागदाला टेकलेली. चिखलातून वर आलेलं बैलगाडीचं चाक कोरड्या रस्त्यावर जसं चिखलाचा पट्टा उमटवत जातं, तशी ती फिरता फिरता आतून शाई घेते आणि बाहेर ठेवते. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. जरा हिशेब करू. पानभर पत्रात हजारेक अक्षरं, एका अक्षराला दीड सेंटीमीटर रेघ धरली तर झाली १५ मीटर. एक मिलिमीटरच्या गोळीला तेवढं अंतर तोडायला पावणेपाच हजार फेऱ्या! 'सर्व ठीक आहे' हे कळवायला एवढं गरगरणं.

आपल्या पणजोबांच्या पिढीला ही गोळी ठाऊक नव्हती. त्यांचा हात बोरूचा आणि लिपी मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवत जायचं, आणि हात उचलायचा तो नाइलाज झाला तरच. कुलकर्ण्यांच्या दप्तरातला असा कागद हातात आला तर अक्षर लागलं नाही तरी चालेल, नुसती रेघ बघत राहा. शाई कुठे दाट, कुठे विरळ, बोरू पुन्हा दौतीत कुठे बुडाला हे सगळं दिसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हाताचा वेग आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो. आणखी कशात हे शक्य आहे?

मला पत्राचं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. पत्रात मजकूर तर असतोच, पण ते हालचालीची नोंदही असतं. देवणीहून पुण्याच्या वसतिगृहातल्या मुलाला बापाने लिहिलेलं एखादं निळं अंतर्देशीय डोळ्यांसमोर आणा. वर मधोमध श्री. 'चि. यास अ. आ.', म्हणजे दोनच अक्षरांत अनेक आशीर्वाद! मग पाऊसपाणी, मूग-उडिदाची रास, थोरल्या खोंडाच्या खुराला लागलंय, माय बरी आहे. सुरुवातीची अक्षरं टपोरी, ऐसपैस. अर्ध्यावर आल्यावर लक्षात येतं की सांगायचं पुष्कळ आणि जागा थोडी, आणि ओळी दाटीवाटीने बसू लागतात. मग समास भरतात. शेवटी ता. क. येतो तो डिंक लावायच्या पट्टीवर, उभा, आणि मुलगा पत्र फोडताना त्यातला एखादा शब्द फाटून जातो. 'पैशाची काळजी करू नको' या ओळीवर पेन एवढा दाबून चाललेला असतो की कागद उलटा करून बोट फिरवलं तर ती ओळ हाताला लागते. (टपाल खात्याच्या 'ढाई आखर' या पत्रलेखन स्पर्धेत अंतर्देशीयावर जास्तीत जास्त ५०० शब्द चालतात. अशा बापांना ते पुरले नसते.)

आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं? त्यांच्यासाठीही पत्र बोलायचं. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा. तो दिसला की पत्र वाचणारा माणूस यायच्या आधीच घरात कळायचं. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळेल अशी ही लिपी कुणी शिकवली नाही, कुणी छापली नाही, तरी गावोगाव सारखीच वाचली गेली.

पत्र पेटीत पडलं. आता ते योग्य दाराशी जाणार कसं? पूर्वी हा प्रश्न भलताच बिकट होता. देवणी निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याची टपाल तिकिटं वेगळी, १८६९ पासूनची. त्यांच्यावर किंमत उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार लिप्यांत छापलेली असायची. तिकीटच चार लिप्यांचं, तर पत्ते किती लिप्यांचे असतील! त्यात एकाच नावाची गावं ढीगभर. पिंपळगाव किती, वडगाव किती, आणि प्रत्येकाचं बुद्रुक-खुर्द निराळं. पत्र कोणत्या पिशवीत टाकायचं हे छाटणी करणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर.

हे कोडं सोडवणारा माणूस निघाला आपला मराठी, आणि तोही संस्कृतचा कवी! श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांनी संस्कृतात असंही काव्य रचलं की सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची. अक्षरांच्या क्रमाशी असा खेळ करणाऱ्या डोक्याने आकड्यांच्या क्रमात अख्खा देश बसवला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला.

देवणीचा पिन घ्या, ४१३५१९. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. एका आकड्यात देशाचा बहुतेक भाग बाजूला पडला! दुसऱ्याने पट्टा आणखी अरुंद केला, तिसऱ्याने छाटणीचा विभाग सांगितला. ४१३ म्हणजे सोलापूरचा विभाग. उरलेले तीन आकडे त्या विभागातल्या एका टपाल कार्यालयाचे. छाटणी करणाऱ्याला देवणी कुठे आहे हे ठाऊक असायची गरजच उरली नाही.

पण लातूर जिल्ह्यातली देवणी सोलापूरच्या आकड्यात का? इथे गंमत आहे. १९७२ मध्ये लातूर जिल्हा होताच कुठे? तो झाला १९८२ मध्ये, उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवातून, वेगळा होऊन. म्हणून धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२, उदगीर ४१३५१७, देवणी ४१३५१९ अशी सगळी भावंडं अजून एकाच ओळीत उभी आहेत. नकाशे बदलले, पाट्या बदलल्या, पिनमधलं ते जुनं घर तसंच राहिलं. आता शेजारी बघा. नांदेड जिल्ह्यातलं देगलूर ४३१७१७, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या घराण्यातलं. आणि दक्षिणेला कर्नाटकातलं भालकी? ५८५३२८! थेट पाचाचा पट्टा. १९५६ पर्यंत उदगीर तालुका आणि भालकी एकाच बिदर जिल्ह्यात होते, रोटी-बेटीचा व्यवहार आजही तसाच आहे. पण भालकीला दिलेल्या लेकीला पत्र टाकायचं तर पहिल्याच आकड्यापासून पत्ता परका.

याहून नवलाचा आहे नऊचा आकडा. तो कोणत्याही राज्याचा नाही, तो सैन्यटपालाचा. मराठवाड्यातल्या घरांतून सीमेवरच्या जवानांना किती पत्रं गेली असतील! त्यांच्यावर जवानाचं नाव, क्रमांक, पलटण आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच. गाव नाही, राज्य नाही. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात हे पत्र लिहिणाऱ्या आईला माहीत नाही, आणि पत्र मात्र बरोबर त्याच्या हातात.

आणि आता ज्या गोष्टीने मी स्वतः थक्क झालो ती सांगतो. पाकिटांवर लोकांनी हाताने लिहिलेले आकडे यंत्राला वाचता येतील का, असा प्रश्न अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. कुणाचा ७ आडवी रेघ मारलेला, कुणाचा ४ उघड्या तोंडाचा, कुणाचा ९ शेपूट वळवलेला. नियम सांगून यंत्र शिकेना, तेव्हा त्यांनी त्याला उदाहरणंच दाखवली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या टपालातून गेलेल्या पत्रांवरचे, माणसांनी हाताने लिहिलेले ९,२९८ आकडे! १९८९ मध्ये त्यांचा निबंध आला आणि यंत्र आकडे वाचू लागलं. तेच तंत्र पुढे वाढत गेलं आणि त्यातूनच यंत्रं फोटोतली माणसं, गाड्या, जनावरं ओळखायला शिकली. संगणकशास्त्रातला २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या तिघांत लकून होते. ज्या डिजिटल युगाने पत्र मागे टाकलं म्हणतात, त्याने डोळे उघडले ते पत्रांवरच्या हस्ताक्षरावर!

मागे पडलंय हे मात्र खरं. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने चारशे वर्षांची परंपरा थांबवून २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं, रस्त्यांवरच्या लाल पेट्या उचलल्या. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि पत्रपेट्याच बंद होणार अशी अफवा उठली. तसं झालेलं नाही. पेट्या आहेत, साधं पत्र आहे, आणि दीड लाखांहून जास्त टपाल कार्यालयांचं जाळं आहे, त्यातली बहुतेक खेड्यांत. डेन्मार्कमध्ये जे उरलं नाही ते आपल्या वेशीवर आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

टपाल खातं तर आणखी पुढे निघालंय. मे २०२५ मध्ये त्याने डिजिपिन आणला. सगळ्या देशावर साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद चौकोनांची जाळी अंथरली आणि प्रत्येक चौकोनाला अक्षर-आकड्यांचा दहा चिन्हांचा संकेतांक दिला. म्हणजे देवणीत ओसरीला एक पत्ता आणि अंगणापलीकडे गोठ्यात रवंथ करणाऱ्या देवणी जातीच्या वळूला दुसरा!

पिनचे सहा आकडे मात्र टपाल कार्यालयाच्या दारापर्यंतच नेतात. तिथून पुढे पत्र एका माणसाच्या हाती येतं. 'मारुतीच्या देवळामागं, लिंबाखालचं घर' एवढंही त्याला पुरतं, कारण वर्षानुवर्षं तो तीच गल्ली चालतोय. आणि पावसात पत्ता फिसकटला, लिंबसुद्धा वाचता येईना, तर उरलेल्या दोन ओळींवरच्या वेलांट्या बघून तो म्हणतो, "हे त्यांच्या पुण्याच्या पोराचं दिसतंय," आणि सायकल तिकडे वळवतो.