सीताफळाचे डोळे, मोरपंखीचे खवले

पाऊस सरत आला की धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारांवरची सीताफळे डोळे उघडू लागतात. त्याच सुमारास, पोरे जिची पाने वहीत जपून ठेवतात त्या मोरपंखीवरचे निळसर-हिरवे शंकू वाळून तपकिरी होतात. दोन्हींवर खवल्यांसारखी नक्षी. रचना मात्र अगदी वेगळी.

सीताफळ फोडा. त्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्त्रीकेसर. एकाच फुलातली अनेक स्त्रीकेसरे एकत्र वाढून हे फळ होते. परागकण न पोहोचलेले डोळे वाढत नाहीत, म्हणून काही सीताफळे एका अंगाने खुरटतात. बी चारही बाजूंनी गरात बंद असते. हेच आवृतबीजी, म्हणजे सपुष्प वनस्पतींचे लक्षण.

मोरपंखीच्या शंकूत अंडाशय नाही, गर नाही. खवल्याच्या बुडाशी बीजांड उघडे बसलेले असते. १८२५ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी हा उघडेपणा ओळखला. परागण तर बघण्यासारखे. बीजांडाच्या टोकावर द्रवाचा थेंब येतो, वाऱ्यावरचा पराग त्यात अडकतो आणि थेंब आटताना आत ओढला जातो. सीताफळाच्या फुलात हे काम बारीक भुंगेरे करतात.

मोरपंखी आपल्याकडे लावलेली आहे. पाइनची रानेही महाराष्ट्रात आपसूक वाढत नाहीत. पण जमिनीवर लाव्हा पसरत होता त्या काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे शंकूधारी होते. नागपूरजवळच्या टाकळीच्या दगड झालेल्या शंकूला बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये ‘टाकलिओस्ट्रोबस’ हे नाव दिले. त्याच लाव्हाचा खडक झिजून आपली काळी माती झाली आहे, आणि आज तिच्यावर राज्य आहे ते सपुष्प वनस्पतींचे.

या यशामागे लाकडातल्या रुंद, वेगाने पाणी वाहणाऱ्या वाहिन्या आहेत, कीटकांशी जमलेली सोबतही आहे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बियांतला शिधा. शंकूधारींत अन्न साठवणारी ऊती फलनाच्या आधीच तयार होते, आणि ती केवळ मातृपक्षाची असते. पाइनमध्ये तर परागणानंतर फलन व्हायलाच सुमारे वर्ष लागते. सपुष्प वनस्पती मात्र फलन होईपर्यंत हात राखून असते. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एकापासून गर्भ बनतो, दुसऱ्यापासून भ्रूणपोष. म्हणजे गर्भ ठरला की मगच शिधा भरायला सुरुवात. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये सर्गेई नवाशिन यांनी दाखवून दिले.

रब्बीत कणसात ‘दूध भरले’ असे शेतकरी म्हणतो, ते दूध म्हणजे हाच कोवळा भ्रूणपोष. तो घट्ट होऊ लागला की हुरडा, वाळला की ज्वारी. मालदांडी ज्वारीचे हे सारे चक्र साधारण चार महिन्यांत उरकते, सोयाबीन तर शंभरेक दिवसांत. शंकूधारींत मात्र एकही हंगामी जात नाही, सगळी झाडे आणि झुडपेच. पेरणी ते काढणी एका हंगामात बसवणारी शेती त्यांच्यावर उभीच राहिली नसती. पावसाचा भरवसा नसलेल्या या जिल्ह्यात, जमिनीतली ओल आहे तोवर दाणा भरून मोकळे होणारी ज्वारी म्हणूनच टिकून आहे.