चिंचेवरचा पाहुणा आणि घराण्यांची फाटाफूट

नवरात्र सरून दिवाळीची चाहूल लागली, की आमच्या लष्करातल्या जुन्या घरामागच्या चिंचेवर एक पाहुणा उतरतो. चिमणीहूनही लहान, वजनाला जेमतेम ८ ग्रॅम, पाठीवर हिरवट झाक आणि डोळ्यावर फिकट भुवईसारखी रेघ. पानाआड सारखा भिरभिरत असल्याने तो दिसण्याआधी ऐकू येतो. दोन अक्षरांची एक बारीक साद तो पुन्हा पुन्हा घालतो आणि पुढच्या फांदीवर जातो. आजवर मी त्याच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. ज्याने आयुष्यभर माणसांचे सूर तपासले, त्याला पाखराच्या सुराची काय मातब्बरी!

परंतु गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने मला चांगलेच पेचात पकडले. मुलगी गळ्याची तयार, आणि महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणारी. शिकवणी संपल्यावर तिने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला व म्हणाली, "गुरुजी, तीन गवई ऐकवते. एका घराण्याचे की निरनिराळ्या, एवढे सांगा." मी तंबोरा बाजूला ठेवून कान दिला. तिन्ही पाखरेच होती. मधल्याचे गाणे आखूड व साधे होते, एकाच तुकड्याची पुनरावृत्ती करणारे. पहिल्याचे लांब, गुंतागुंतीचे. तिसऱ्याचेही तसेच लांब, पण त्याची वळणे अगदी निराळी. मी म्हणालो, "पहिला आणि मधला यांचे काही नाते असू शकेल. मधल्याचे आणि तिसऱ्याचेही असेल. पण पहिल्याचा आणि तिसऱ्याचा एकमेकांशी काही संबंध नाही."

ती हसली. "गुरुजी, त्या दोन पाखरांचेही हेच मत आहे. पण आपल्या चिंचेवर येतो तो याच गोतातला."

हा पक्षी म्हणजे हिरवट वटवट्या. हिवाळा तो हिंदुस्थानात काढतो आणि उन्हाळा लागला की विणीसाठी उत्तरेकडच्या रानात परततो. त्याच्या माहेरचा नकाशा मोठा विलक्षण आहे. मध्ये तिबेटचे उंच, वृक्षहीन पठार. तेथे झाडीच नाही, तेव्हा हा पक्षी तेथे घरटे करू शकत नाही. म्हणून पठाराच्या कडेकडेने जी जंगले आहेत, त्यांतून याची वस्ती एखाद्या माळेसारखी पसरली आहे. दक्षिणेला हिमालय. तेथून एक सर पश्चिमेकडून काश्मीर, मध्य आशिया असे करीत सैबेरियात जाते. दुसरी सर पूर्वेकडून चीनमधील डोंगरांतून वर चढत सैबेरियातच पोचते. माळेची दोन्ही टोके मध्य सैबेरियात एकमेकांना भेटतात.

आता गंमत पाहा. या माळेवरून पावलापावलाने चालत गेले, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोठेही मोठा फरक आढळत नाही. रंगात थोडा, गाण्यात थोडा, एवढेच. पण जेथे दोन टोके भेटतात, तेथे एकाच रानात दोन पक्षी राहतात. एकाच्या पंखावर एक पट्टा, दुसऱ्याच्या पंखावर दोन. एकाचे गाणे दुसऱ्याला कळत नाही. त्यांचे जोडे सहसा जमत नाहीत. व्यवहारात ते दोन स्वतंत्र जातींसारखे वागतात.

क्लॉड टाइसहर्स्ट या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने १९३८ साली या गोतावर ग्रंथ लिहिला, तेव्हाच ही वर्तुळाकार वस्ती त्याच्या ध्यानात आली होती. पुढे डॅरेन इर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयापासून सैबेरियापर्यंत ठिकठिकाणी तळ ठोकून या पक्ष्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, रक्ताचे नमुने तपासले, आणि २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची परीक्षा एखाद्या उस्तादाला शोभेल अशी होती. रानातल्या नराला त्याच्या हद्दीत दुसऱ्या ठिकाणचे गाणे ऐकवायचे आणि तो चवताळून धावून येतो का, ते पाहावयाचे. चवताळला तर समजावे, की "हा आपल्यातला, आपला प्रतिस्पर्धी" असे त्याला वाटले. सैबेरियातल्या पश्चिमेकडच्या नराला पूर्वेकडच्याचे गाणे ऐकवले, तर तो ढिम्म हलत नाही. ते गाणे त्याच्या लेखी गाणेच नव्हे.

हे असे का व्हावे? येथे चार्ल्स डार्विनचे नाव घेणे भाग आहे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातला मुद्दा सांगावयास सोपा, पचावयास कठीण. एका जातीतले सारे जीव सारखे नसतात. त्यांच्यातले पुष्कळसे फरक आईबापांकडून मुलांकडे उतरतात. आणि जन्मतात तितके सारे जगत नाहीत. या तीन गोष्टी मान्य केल्या, की चौथी आपोआप येते. ज्या फरकामुळे त्या ठिकाणी, त्या काळी तग धरणे सोपे जाते, तो फरक पुढच्या पिढीत अधिक दिसतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. निवड म्हटली, तरी येथे निवडणारा कोणी परीक्षक बसलेला नाही, आणि अमुक एका आदर्शाकडे पोचावयाचे असेही काही ठरलेले नाही.

याचा रोकडा पुरावा गॅलापागोस बेटांवर मिळाला. तेथील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून पुढची चाळीस वर्षे तेथल्या फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७ साली तेथे भीषण अवर्षण पडले. बारीक, मऊ बी संपले आणि उरले ते टणक कवचाचे मोठे बी. मध्यम आकाराच्या फिंचांपैकी बहुतेक मेले. जे वाचले त्यांत जाड चोचीचे अधिक होते, आणि त्यांची पिलेही सरासरीने जाड चोचीची निघाली. पुढे १९८३ साली धो धो पाऊस झाला, बारीक बी माजले, आणि निवडीचा रोख उलटला. म्हणजे जाड चोच ही "प्रगती" नव्हती. ती त्या दुष्काळापुरती सोय होती.

परंतु चोच जाड झाली म्हणून जात नवी होत नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली जातीची जी व्याख्या रूढ केली, तिचा गाभा असा, की ज्यांची आपसात वीण होते ती एक जात. तेव्हा नवी जात जन्मावयाची, तर वीण तुटली पाहिजे. बहुधा आधी वाट तुटते. डोंगर, समुद्र किंवा नुसते अंतर आड येते. मग दोन्हीकडे बारीकसारीक फरक साठत जातात. आणि पुन्हा गाठ पडते तेव्हा एकमेकांची ओळखच पटत नाही. वटवट्याच्या माळेत हा सारा काळाचा प्रवास जणू जमिनीवर पसरून ठेवलेला आहे.

या ओळखीत गाण्याचा वाटा किती मोठा! गाणाऱ्या पाखरांची पिले जन्मतः पुरे गाणे घेऊन येत नाहीत. थोरांचे ऐकून ती शिकतात. त्या गॅलापागोसच्या बेटावर १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या एस्पान्योला बेटावरून एक भला थोरला नर उडत आला. त्याचे गाणे तेथे कोणीच गात नव्हते. त्याने स्थानिक माद्यांशी संसार केला. त्याचे मुलगे बापाचे गाणे शिकले. आणि दुसऱ्या पिढीपासून त्या वंशाची वीण आपसातच होऊ लागली. २०१७ साली जनुकांच्या तपासणीने हा सारा वंशवृक्ष पक्का झाला. एका परक्या गवयाने बेटावर येऊन घराणे काढले, आणि ते घराणे पाहता पाहता वंश होऊन बसले!

हे ऐकले आणि मला आमच्या घरातली एक जुनी जखम आठवली.

माझे वडील, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ते पोरवयात दरबारच्या चाकरीत दाखल झाले आणि दरबाराची अखेरची वर्षे त्यांनी पाहिली. मी त्यांच्या उतारवयातला. त्यांच्या शिष्यांत दोघे नावाजलेले. थोरले अण्णांच्या तरुणपणी शिकले व दक्षिणेत गेले. धाकटे पुष्कळ वर्षांनी आले, आणि शिकून पूर्वेकडे स्थायिक झाले. २०११ साली अण्णांच्या पुण्यतिथीला दोघांचेही शिष्य आमच्या ओसरीवर गायले. योगायोगाने दोन्हीकडून यमनातला तोच ख्याल निघाला. थोरल्यांच्या शिष्याची लय चढी, तानेचा पल्ला मोठा, सम सरळ. धाकट्यांच्या शिष्याने लय इतकी खाली नेली, की स्थायीचा मुखडा ओळखू येईना. कुजबूज सुरू झाली. "हे आपल्याकडचे नव्हे," असे थोरल्यांची मंडळी म्हणाली. "तुम्हीच सारे विसरलात," असे धाकट्यांची मंडळी म्हणाली. मला निवाडा विचारला. मी घराण्याचा वारस, अंगात तोरा. सर्वांसमक्ष म्हणालो, "धाकट्यांकडचे हे गाणे अण्णांचे नाही."

धाकट्यांनी एक शब्द काढला नाही. तंबोऱ्याला गवसणी घातली, देवाला नमस्कार केला आणि शिष्यांना घेऊन निघाले. त्यानंतर ते पुण्यतिथीला आले नाहीत.

रात्री पाने वाढताना आई म्हणाली, "मला तर दोघांतही तेच ऐकू आले." मला तेव्हा रागच आला. हिने कोठे तालीम घेतली आहे, असे मनात म्हणालो.

त्या विद्यार्थिनीने माळेची गोष्ट सांगितली, तेव्हा आईचे वाक्य मला पहिल्यांदा समजले. मी दोन टोके ऐकली होती. आईने मधली सारी वर्षे ऐकली होती. दरबारी सवयीची चढी लय अण्णांनी उतारवयात हळूहळू सोडली. दम कमी झाला, तसा मुखडा लांबला, आलाप वाढला. यांतला कोणताही एक दिवस असा नव्हता, की त्या दिवशी गाणे बदलले. थोरल्यांनी अलीकडचा अण्णा नेला, धाकट्यांनी पलीकडचा. पुढे दोघांनाही निरनिराळे श्रोते, निरनिराळे शेजार मिळाले. मी बारा वर्षांचा असताना तालमीला बसलो, तेव्हा अण्णा मधल्या लयीत गात. ती मधली लय मीच विसरलो होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, नाहीतर ती मुलगी मला सोडावयाची नाही. गायकी आणि जीवजात यांची तुलना थोड्याच अंतरापर्यंत चालते. गवई एका जन्मात आपले गाणे बदलतो आणि बदललेलेच शिष्याला देतो. पाखराने आयुष्यभर टणक बी फोडले, म्हणून त्याच्या पिलाची चोच जाड होत नाही. शिवाय दुरावलेले दोन गुरुबंधू उद्या एका बैठकीत बसू शकतात. पुरत्या तुटलेल्या दोन जाती मात्र पुन्हा एक होत नाहीत.

आणि वटवट्याची माळही पहिल्याने वाटली तितकी निर्वेध निघाली नाही. २०१४ साली इर्विन व सहकाऱ्यांनी जनुकांचा अधिक बारकाईने तपास केला, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. माळ पूर्वी एकाहून अधिक ठिकाणी तुटलेली होती. आणि सैबेरियातली ती दोन टोके अधूनमधून का होईना, एकमेकांत मिसळलेली आहेत. सोवळे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे मोडलेले आहे. ज्या शास्त्रज्ञांनी माळेची गोष्ट जगाला सांगितली, त्यांनीच तिच्यातली भेग दाखवली, हे मला फार आवडले. आमच्या क्षेत्रात स्वतःच सांगितलेली वंशावळ स्वतः दुरुस्त करणारा मी तरी क्वचितच पाहिला आहे.

ग्वाल्हेरला ख्यालगायकीची गंगोत्री म्हणण्याची आम्हा मंडळींना हौस आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हीच गायकी महाराष्ट्रात नेली आणि त्यांच्या शिष्यांपैकी विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती देशभर फिरवली. परंतु "शुद्ध ग्वाल्हेर ते हेच" असे बोट ठेवून सांगताना माझी जीभ आता जरा अडखळते. वर्गात पोराने मुखडा किंचित वेगळा घेतला, तर पूर्वी मी लगेच पट्टी आपटत असे. हल्ली आधी विचारतो, "कोठून आणलास?" पुष्कळदा ती चूकच असते, आणि मग सुधारतोही. पण फरक म्हटला की तो बिघाडच, हे आता मनातून गेले आहे. पाखरांच्या जगात असे फरक नसते, तर निवडीला हातात धरावयास काही उरलेच नसते.

यंदा भाद्रपदात मी धाकट्यांना पत्र लिहिले. झाल्या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली आणि पुण्यतिथीला बोलावले. त्यांना एवढेच कळवले, की आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि तो यमन तिला तुमच्याकडून ऐकावयाचा आहे. उत्तर अजून आलेले नाही.

चिंचेवरचा पाहुणा मात्र आला आहे. त्याचे खरे गाणे तो आपल्या उन्हाळी रानासाठी राखून ठेवतो. येथे ऐकू येते ती तीच दोन अक्षरी साद. सकाळी शिकवणीच्या वेळी ती आली, की आम्ही षड्ज थोडा थांबवून ऐकतो.