केटी आणि चोरीस

आमच्या होस्टेलवर एक कुत्री आहे. बॅचेस येतात, पास होऊन जातात, ही मात्र तिथेच. म्हणून नाव केटी! (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, चुका पोटात घाला.)

गेल्या सेमिस्टरला माझ्या गोव्याच्या रूममेटला घरून चोरीसची माळ आली. आम्ही लेक्चरला, दार उघडं. परत येऊन बघतो तर अर्धी माळ गायब आणि केटी बादलीतलं पाणी ढोसतेय. कोणीतरी म्हणालं, "मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊन सगळं बाहेर पडेल." मी ग्लासात मीठ ढवळायलाही लागलो होतो. तेवढ्यात रूममेटने व्हेटला फोन लावला. डॉक्टर ओरडलेच, "अहो, मीठच खाल्लंय ना तिने? अजून काय पाजताय! पाणी पिऊ द्या आणि घेऊन या."

रक्तात सोडियम वाढलं की ऑस्मॉसिसने पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं जातं. (बारावीला हे पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी.) मेंदूच्या पेशी आक्रसल्या की झोकांड्या, थरथर, झटके. वजनाच्या किलोमागे साधारण २ ग्रॅम मीठ गेलं की कुत्र्याला त्रास सुरू होतो, ४ ग्रॅमच्या आसपास जिवावर बेततं. १०० ग्रॅम सलामीत ४ ग्रॅम मीठ धरा. १५ किलोच्या केटीला एका चकतीने काही होणार नाही, पण मेसमागच्या २ किलोच्या पिल्लाला १०० ग्रॅम पुरे. खारवलेल्या सुक्या मासळीचंही तेच. प्यायला भरपूर पाणी असेल तर जास्तीचं मीठ लघवीवाटे जातं, म्हणून ती बादली देवासारखी धावून आली.

पण डॉक्टरांना मिठापेक्षा बाकीचीच काळजी जास्त होती. चोरीसमध्ये लसूण असते. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात तेव्हा कळतं. एकदम एवढी चरबी खाल्ली तर स्वादुपिंड सुजू शकतं. शिवाय माळेचा दोरा! तो आतड्यात अडकला तर आतडं कापत जातो, मग ऑपरेशनच.

उलटी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन काढली. मांस निघालं, दोराही निघाला. आठवडाभर रोज हिरड्या बघायची ड्यूटी माझ्याकडे होती. गुलाबीच राहिल्या.

उरलेली माळ आता कपाटात, कुलपात असते. केटी रोज त्याच कपाटाला टेकून झोपते.