परक्या बंदरातील चार तास

'जहाज' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. 'बंदर' आणि 'खलाशी' हे शब्दही त्याच वाटेने आले. कोळी लोक होडीच्या प्रमुखाला 'नाखवा' म्हणतात, तो फारसीतला 'नाखुदा'. म्हणजे समुद्रावरची निम्मी मराठी तुम्हांला आधीपासूनच येते!

आपल्या दिघाशीला समुद्र नाही. पण भिवंडीच्या गोदामांत येणारा कितीतरी माल न्हावा-शेवा बंदरात उतरतो. तो आणणाऱ्या जहाजांवर तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असलेली मुले काम करतात. त्यांना कॅडेट म्हणतात. कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी. पूर्वी हे शिक्षण मुंबई बंदरात उभ्या असलेल्या 'डफरिन' या जहाजावर मिळे. ते 1927 साली सुरू झाले. आज नवी मुंबईत 'चाणक्य' ही संस्था आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते, आणि नजर चांगली लागते. रंग ओळखता आले नाहीत तर प्रवेश नाही, कारण रात्री लाल-हिरव्या दिव्यांवरूनच समोरचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे ते कळते. संस्थेतील शिक्षणानंतर वर्ष-दीड वर्ष प्रत्यक्ष समुद्रावर शिकावे लागते.

समजा, असा एक कॅडेट न्हावा-शेव्याहून सिंगापूरला निघाला. सुमारे आठवडाभर चोहीकडे पाणीच पाणी. वाटेत जहाजावरचे घड्याळ थोडे थोडे पुढे सरकवत एकूण अडीच तास पुढे न्यावे लागते. बंदर आले म्हणजे लगेच उतरता येते, असे तुम्हांला वाटेल. तसे नसते. मालाची चढ-उतार चालू असते. जिन्यापाशी कोणीतरी पहाऱ्यावर हवा असतो. कोणाला किनाऱ्यावर सोडायचे हे वरिष्ठ अधिकारी कामाच्या पाळ्या पाहून ठरवतात आणि कॅडेटची पाळी बहुधा शेवटी येते. जिन्याजवळच्या फळ्यावर परत येण्याची वेळ लिहिलेली असते. ती चुकवून चालत नाही. जहाज एका माणसासाठी थांबत नाही.

मग खिशात ओळखपत्र आणि किनाऱ्यावर जाण्याचा पास ठेवून तो निघतो. अवजड यंत्रांच्या धोक्यामुळे बंदराच्या आवारात पायी हिंडता येत नाही. गाडीने फाटकापर्यंत जायचे. जमिनीवर पाय ठेवला की जमीनच डोलते आहे असे वाटते! चार तास हातात असतील तर तो काय करील? घरी निवांत बोलेल, साबण-तेल घेईल, गरम भात खाईल. 1932 साली पूर्ण झालेल्या तिथल्या सुलतान मशिदीत नमाज पढेल. गर्दीत अनोळखी माणसे पाहत नुसते चालणे, हेही त्याला फार मोलाचे वाटते. रोज तेच वीस-बावीस चेहरे पाहिलेल्यालाच ते कळेल.

ही मौज नव्हे, हक्क आहे. एकेकाळी तसे नव्हते. इंग्रजांच्या बोटींवर काम करणारे आपल्याकडचे खलाशी लंडनमध्ये अडकून पडत. परतीची बोट मिळेपर्यंत राहायला जागा नसे, थंडीत हाल होत. अशांसाठी 1857 मध्ये तेथे एक आश्रयगृह उघडावे लागले. 2006 साली दर्यावर्दी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. आरोग्यासाठी खलाशांना किनाऱ्यावर जाऊ द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हा करार 2013 मध्ये अमलात आला. भारताने त्याला 2015 मध्ये मान्यता दिली.

कागदावर हक्क वाढला, पण वेळ मात्र आटला. पूर्वी पोती आणि पेट्या माणसे उचलत, तेव्हा जहाज आठवडाभर धक्क्याला असे. आता क्रेनने कंटेनर भराभर उतरतात आणि पुष्कळ जहाजे एका दिवसाच्या आतच निघून जातात. त्यातच 2004 पासून बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. अमेरिकेचा व्हिसा नसलेल्या खलाशाला तेथे धक्क्यावरही उतरता येत नाही. जहाजाच्या कठड्याला टेकून दिवे पाहायचे. एवढ्या सुरक्षेची गरज मला समजते. पण ज्याने त्या शहराचे धान्य आणि औषधे आणली, त्यालाच दाराबाहेर ठेवावे, हे मला पटत नाही.

2020 साली कोरोनाच्या साथीत तर जवळजवळ सर्वच बंदरांनी दारे लावली. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. कित्येकांनी वर्षाहून अधिक काळ जमिनीला पाय लावला नव्हता. जहाजे मात्र चालूच होती. भिवंडीच्या गोदामांत माल येतच होता.