घोट्यावरचा काळा पट्टा

चिंगे, आजीच्या घोट्यांवरचा तो काळपट तपकिरी पट्टा मळ नाही बरं. ती रोज वज्रीनं घासते, कातडी सोलवटते, पण डाग जात नाही. जाईल कसा? तो आतून आलाय.

माझा हात बघ. खाली सोडला की शिरा कशा टरारून वर येतात! या शिरेवर, बोटांच्या बाजूला, एक बोट दाबून धर. दुसऱ्यानं आतलं रक्त मनगटाकडे सारत ने नि ते बोट उचल. शीर रिकामीच राहिली ना? वरचं रक्त मागे येत नाही. आता पहिलं बोट काढ. भरली की नाही झर्रकन!

विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरानं १६२८ साली हाच खेळ पुस्तकात चित्रं काढून दाखवला. शिरांमध्ये झडपा असतात हे त्याच्या गुरूला, पादुआच्या फॅब्रिसियसला, ठाऊक होतं. पण त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, हे ताडलं शिष्यानं.

पायातल्या रक्ताला तर चांगलाच चढ चढायचा असतो. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि खालची झडप मिटते. आजी उभा जन्म ओट्यापाशी उभी राहिली. कुणाच्या घराण्यातच झडपा ढिल्या पडण्याचा हा त्रास असतो, तर कुणाला बाळंतपणांनंतर सुरू होतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त घोट्याशी तुंबतं, पाय सुजतात. तांबड्या पेशी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपून फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत मुरतं. गंजच म्हण ना!

“मग जिराफाचे पाय का सुजत नाहीत, आजोबा?”

लाख बोललीस! त्याचा रक्तदाब आपल्या दुप्पट. पण पायांची कातडी अशी जाड नि घट्ट, की रक्ताला साचायला जागाच नाही. डॉक्टर घट्ट मोजे देतात ते याचसाठी. मात्र मनानं आणून चढवायचे नाहीत. पायाला मुळात रक्तच कमी पोचत असेल तर तेच मोजे बाधतात.

दोन्ही पायांवरचा जुना डाग सवडीनं दाखवला तरी चालतो. तिथली कातडी कडक झाली, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र चालढकल नको; मधुमेह असेल तर जखम दिसताच डॉक्टर गाठायचा. एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवायचं, तेल लावून चोळत बसायचं नाही. आणि पाय पांढराफटक, थंडगार पडून ठणकायला लागला किंवा बधिर झाला, अथवा ओठ निळे पडून दम लागला, तर घड्याळ बघायचं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही, म्हणून नखं नि ओठांची आतली बाजू बघायची. आजी म्हणेल, “रात्रीचं कशाला, सकाळी बघू.” तिचं ऐकायचं नाही. सरळ १०८ लावायचा.