विविध ऑपरेटिंग सिस्टीम आणि मराठी लोकेलचे नाव

भाषा, वर्णक्रम, दिनांक व अंकलेखन यांविषयीच्या संकेतांच्या संचास संगणकशास्त्रात 'लोकेल' म्हणतात. भारतातील मराठीसाठी भाषेची 'एमआर' व देशाची 'आयएन' ही रोमन आद्याक्षरे सर्वत्र समान आहेत. त्यांची जोडणी मात्र भिन्न आहे. लिनक्समध्ये त्यांच्यामध्ये अधोरेखा (_) येते व पुढे बिंदू देऊन बहुधा 'यूटीएफ-८' जोडतात. विंडोजमध्ये संयोगचिन्ह (-) येते. व्हिस्टापूर्वी तेथे प्रामुख्याने क्रमांक वापरीत. मराठीचा क्रमांक ११०२ आहे.

हा भेद वरवरचा नाही. 'सी' भाषेतील 'सेटलोकेल' या फलनास अपरिचित नाव दिल्यास ते केवळ रिक्त मूल्य परत करते. आज्ञावली थांबत नाही. पूर्वीचेच, म्हणजे बहुधा मूळचे 'सी' लोकेल कायम राहते आणि नावांची यादी युनिकोड क्रमांकांनुसार लागते. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'व'पूर्वी आहे, तर मराठी वर्णमालेत 'ह'नंतर. परिणामी विद्यार्थ्यांच्या यादीत 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी येते. मराठी क्रमाने ते नंतर यावयास हवे. चुकीची सूचना मात्र कोठेही मिळत नाही.

यास्तव आज्ञावलीत लोकेलचे नाव 'बीसीपी ४७' या मानकानुसार एकाच रूपात साठवावे, ऑपरेटिंग सिस्टीमला देतानाच त्याचे रूपांतर करावे आणि परत आलेले मूल्य प्रत्येक वेळी तपासावे. सर्वत्र एकच वर्णक्रम हवा असल्यास 'आयसीयू' या मुक्त संग्रहाचा आधार घेणे श्रेयस्कर ठरते.